आत काय आहे?

पुण्याच्या तापकीर गल्लीत आधी गाडीला जागा शोधायची आणि मग दुकान. गेल्या शनिवारी दोन्ही सापडलं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, “हार्ड डिस्कची केसिंग दाखव. चांगली.”

तो जागचा हलला नाही. “आत काय आहे?”

“फोटो. मुलीच्या बारशापासूनचे.”

“फोटो नाही हो काका, डिस्क कोणती?”

लॅपटॉप गेला होता, डिस्क शाबूत होती. ती पिशवीतून काढून दिली. त्यानं कडेनं पाहिली आणि निकाल दिला, “अडीच इंची, साटा, साडेनऊची.” साटा ही जोडणीची तऱ्हा, साडेनऊ म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. काही केसिंग फक्त सातच्या डिस्कसाठी असतात, त्यात माझी बसलीच नसती. डेस्कटॉपमधली साडेतीन इंची असती तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागला असता. साध्या यूएसबीतून ५ व्होल्टच येतात. आणि त्या पट्टीएवढ्या एम.२ एसएसडी? त्यांत एक साटा, दुसरी एनव्हीएमई. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचं घर दुसरीला बहुतेकदा चालत नाही. खोका निवडायला गेलो होतो. निवड आतल्या वस्तूनं कधीच करून टाकली होती.

उरला वेगाचा प्रश्न. त्यानं तीन केसिंग मांडल्या. माझा ऐवज ४०० जीबी. यूएसबी २ वर सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे साडेतीन तासांच्या वर. यूएसबी ३ वर फिरती डिस्क शंभरेक एमबी देते; तास-सव्वा तासात काम. तिसरी दहा गिगाबिटवाली, अॅल्युमिनियमची, देखणी. पण डिस्कच तेवढी पळत नाही. बैलगाडीला एक्स्प्रेसवे कशाला? मधली घेतली, चार स्क्रूंची.

तयार पोर्टेबल डिस्क का नाही? त्यातल्या अनेकांत यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर असतं. ते ढिलं झालं की फोटो आत आणि आपण बाहेर. केसिंग बिघडली तर डिस्क काढायची, दुसरीत घालायची.

रात्री नव्या लॅपटॉपवर कॉपी पुरी झाली आणि डबी टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली, त्याच लॅपटॉपच्या शेजारी. वर भिंतीवर आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो. तो पाहिला आणि माझी चूक कळली.

आमचं घर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या फोटोची घरातली प्रत काच-चौकटीसकट गाळात गेली. भिंतीवरची आली ती मिरजेहून, आत्याआजीच्या ट्रंकेतून. लग्नानंतर स्टुडिओतून दोन प्रती काढून एक तिकडे पाठवली होती, म्हणून. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’चा नियम आज बॅकअपवाले सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आजोबांच्या वेळी तो नियम नव्हता. नातलगांना फोटो पाठवायची रीत होती.

सोमवारी पुन्हा तापकीर गल्ली. घरच्यासाठी एसएसडी आणि तिची केसिंग घेतली. मिरजेला जायची ती फिरती डिस्कच, कारण एसएसडी विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिली तर विसरू लागते. डिस्क जुनी, म्हणून आधी सॉफ्टवेअर लावून तब्येत पाहिली: खराब सेक्टर शून्य. मग झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. दर सहा महिन्यांनी जोडून चार फोटो उघडून पाहायचे, हेही ठरवलं.

मिरजेत चुलतभावाकडे डबी दिली. वहिनीनं उलटसुलट करून विचारलं, “यात काय आहे?”

“अडीच इंची, साटा, साडेनऊची,” मी ऐटीत.

ती नुसती बघत राहिली.

“फोटो,” मी म्हणालो.

खालचं कपाट तिनं उघडलं होतं, ते बंद केलं. २०१९ चा कृष्णेचा पूर तिनं पाहिलाय. स्टूल ओढलं आणि डबी माळ्यावर ठेवली.