१४४१६ हा नंबर स्थलांतरितांच्या मुलांपर्यंत कोण पोहोचवणार?

द्राक्षांचा हंगाम आला की पेठ, सुरगाणा भागातली आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेशातली कुटुंबे नाशिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ मुळे त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळतो. पण बोलीवरून, आडनावावरून होणारी टिंगल आणि सारखी तुटणारी मैत्री त्यांनी कोणाला सांगायची?

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस सुरू केले. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठी-हिंदीसह २० भाषांत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात. गरज असेल तर तज्ज्ञांशी जोडून देतात. फिरत्या मुलांसाठी ही सोय विशेष मोलाची आहे. मूल गावी परतले की शाळेतल्या समुपदेशकाशी नाते तुटते, नंबर मात्र तोच राहतो.

अडचण वेगळीच आहे. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते की घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांसोबत कामावर जातो. संध्याकाळी फोन मिळाला तरी एका खोलीत सगळ्यांसमोर मन कसे मोकळे करणार? त्यात 'वेडा' म्हणतील ही भीती. घरात कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला मराठीतही मनातले सांगणे जड जाते.

म्हणून शाळेची जबाबदारी मोठी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे. टेली-मानसचा नंबर ठळक लावावा. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे.

मित्रांनो, आपल्या भागातल्या शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन आपण एवढे मागू या:

१. आठवड्यातून एक ठरलेला तास, बंद दाराची खोली आणि शाळेचा फोन.

२. मुलाचे बोलणे गुप्त ठेवण्याची हमी. जिवाला धोका असेल तर मात्र तातडीने मदत.

३. मूल गाव सोडताना शिक्षण हमी कार्डासोबत १४४१६ ची माहिती.

विहारातल्या तरुणांनी समुपदेशक बनायचे नाही. मुलाला फोनपर्यंत नेणे आणि बोली समजत नसेल तर मुलाच्या संमतीने दुभाष्या मिळवून देणे, हे आपले काम.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवू या. मूल जातीच्या टोमण्यांनी खचले असेल तर त्याला फोन जोडून देऊन शाळेची सुटका होत नाही. मुलाला आधार द्यायचा आणि टोमणे मारणाऱ्यांना थांबवायचे, ही दोन्ही कामे शाळेचीच आहेत. दोन्हींचा हिशेब आपण मागितला पाहिजे.

जय भीम!