मागच्या सीटचा विमा

रिक्षातला प्रवासी अपघातात जखमी झाला तर त्याच्या भरपाईची जबाबदारी रिक्षाच्या सक्तीच्या विम्यात येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 मध्येच तशी तरतूद आहे. तुमच्या स्कूटरवर मागे बसलेली बायको, आई किंवा ऑफिसातली मैत्रीण मात्र त्या कलमात बसत नाही. तिने भाडं दिलेलं नाही आणि तुमची स्कूटर प्रवासी वाहन नाही. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर अशा फुकट बसलेल्या माणसाचं देणं विमा कंपनी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितलं. परक्याची सोय आणि घरच्यांची गैरसोय, असा हा कायदा आहे.

आणि आपण काय करतो? नूतनीकरणाला एजंट विचारतो, ‘‘फुल की थर्ड पार्टी?’’ उत्तर ठरलेलं असतं : ‘‘गाडी जुनी झाली हो आता. पोलिसांना दाखवण्यापुरता काढून द्या.’’ 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचा मूळ हप्ता 714 रुपये. फुल इन्शुरन्स म्हणजे गाडीला ओरखडा गेला किंवा चोरी झाली तरच उपयोगी, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात फुल, म्हणजेच पॅकेज पॉलिसीत मागे बसणाऱ्याची जबाबदारीही येते. विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना हे कळवलं होतं आणि 2012 च्या बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. गाडी जुनी होते, मागे बसणारं माणूस नव्हे. पण ‘फुल’ बंद करताना बंद होतं ते त्याचंच संरक्षण.

समोरून ट्रकने ठोकलं तर प्रश्न वेगळा. तेव्हा मागे बसलेली बाई ट्रकच्या दृष्टीने थर्ड पार्टी असते आणि ट्रकची विमा कंपनी बांधील असते. अडतं ते दुसरं वाहन नसताना. कुत्रं आडवं येतं, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर दिसत नाही, वळणावरच्या वाळूवर गाडी घसरते, पदर चाकात जातो. (पदरासाठी निम्मं मागचं चाक झाकणारी जाळी नियमानेच सक्तीची आहे. ती बेढब दिसते म्हणून काढून टाकणारे महाभाग आपल्यातच आहेत.)

मग कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, कसं लागलं? नवरा घाईघाईने सांगतो, ‘‘घरात जिन्यावरून पडली.’’ पोलिसांची भानगड नको, एवढाच हेतू. पण तेच वाक्य केसपेपरवर उतरतं आणि पुढे दाव्यात कंपनीचा वकील तोच पहिला कागद न्यायाधीशांपुढे धरतो. खरं सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) होऊ द्या, पंचनामा होऊ द्या. दावा 6 महिन्यांत दाखल करायचा, हेही ध्यानात ठेवा. केवळ या मुदतीवर दावे फेटाळू नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा आदेश आहे, पण तो अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर बसू नये.

दाव्याचा कागद पाहिला की घरचे दचकतात. अर्जदार पत्नी, सामनेवाला क्रमांक 1 तिचाच नवरा, क्रमांक 2 विमा कंपनी. नवऱ्याने गाडी निष्काळजीपणे चालवली, हे बायकोने सिद्ध करायचं. ‘‘आमच्या ह्यांच्यावर केस?’’ हा प्रश्न प्रत्येक वकिलाने ऐकलेला असतो. पॅकेज पॉलिसी असेल तर पैसे कंपनी भरते. नसेल तर हुकूम एकट्या नवऱ्यावर होतो, म्हणजे घरातलेच पैसे घरात फिरवायचे.

हेल्मेट नसेल तर कंपनी भरपाईत कपात मागते. गाडीवर तिघे होते म्हणून उच्च न्यायालयाने लावलेली 10 टक्के कपात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रद्द केली; नियमभंगाचा आणि इजेचा संबंध दाखवा, असं म्हटलं. पण डोक्याला मार आणि डोक्यावर नुसता स्कार्फ, यात संबंध दाखवायला कितीसं कठीण? 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 14,337 सहप्रवासी मेले. पुढच्याला हेल्मेट, मागचीला स्कार्फ, हा आपल्या शहरांतला रिवाज आहे.

एक दार अलीकडे उघडलं आहे. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये संबंधित यंत्रणेने द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिला. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, महापालिका तो दुसऱ्या दिवशी बुजवते. अशा वेळी तिला घाई असते.

2019 मध्ये संसदेने मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती केली. दंड वाढले, मागच्या सीटवरचा माणूस मात्र जिथे होता तिथेच राहिला. तो सक्तीच्या विम्यात आलाच पाहिजे. त्यापायी हप्ता वाढला तर वाढू द्या. तोवर आज घरातल्या गाडीची पॉलिसी काढून बघा. वर ‘लायबिलिटी ओन्ली’ (म्हणजे नुसतं थर्ड पार्टी) असं छापलेलं असेल, तर पुढच्या वेळी पॅकेज मागा आणि मालक-चालकाच्या 15 लाखांच्या अपघात विम्याचा रकाना कोरा नाही ना, तेही पाहून घ्या.