वेग विकत घेतला, तरी माडीवर पोहोचेना

अहिल्यानगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून चौदा किलोमीटर आत एक जुना दगडी वाडा आहे. पुढे भुसार-किराण्याचे दुकान, मागे चौक, चौकापलीकडे पत्र्याचे गोदाम आणि माडीवर राहते घर, अशी त्याची रचना. तीन पिढ्या एकत्र नांदतात. धाकटी सून पुण्यातील एका कंपनीचे हिशेब तपासण्याचे काम घरी बसून करते. गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीने तिला कळविले की, सायंकाळच्या बैठकांत तिचा आवाज तुटतो, चित्र थिजते. दिवाळीपर्यंत सुधारणा झाली नाही तर तिने पुण्यात येऊन काम करावे. सून गेली की मुलगाही जाणार, आणि दुकानात सत्तरीकडे झुकलेले दोघेच उरणार, हे कोणी बोलून दाखविले नाही. पण जेवताना सगळ्यांच्या मनात तेच होते.

व्यापाऱ्याच्या घरात अशा वेळी जे प्रथम सुचते तेच झाले. पन्नासची योजना बदलून शंभरची घेतली गेली. दरमहा पैसे अधिक जाऊ लागले आणि माडीवर काडीचा फरक पडला नाही. ही चूक घरोघरी होते. पाण्याचा दाब टाकीपाशी पुरेसा असताना वरच्या नळाला धार येत नसेल, तर कोणी मोठी टाकी बांधत नाही. मधली नळी पाहतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र ‘मोठी योजना’ हाच पहिला उपाय ठरतो, कारण तो फोनवर दोन मिनिटांत विकत मिळतो.

येथे एका शब्दाचा उलगडा आवश्यक आहे. योजनेवर लिहिलेले शंभर ‘एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजली जाते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून शंभरच्या जोडणीवर फाइल उतरताना पडद्यावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास आकडा दिसला, तर ती फसवणूक नव्हे. मणाचा भाव आणि किलोचा भाव यांत गल्लत न करणाऱ्या घरांतही ही गल्लत नित्य होते. शिवाय समोरासमोरच्या बैठकीला दोन्ही दिशांनी तीन-चार एमबीपीएस सहज पुरतात. मग शंभर घेऊनही बैठक तुटते, याचा अर्थ माल कमी नाही. तो ठेचकाळत येतो आहे.

सासऱ्यांनी सुनेला सांगितले, “बेटा, तक्रार करण्याआधी वही घाल.” आयुष्यभर रोजमेळ लिहिलेल्या माणसाची ही सूचना होती, आणि पुढचे सारे तिनेच सोपे केले. पहिल्या पानावर प्रथेप्रमाणे ‘श्री’ काढून तिने रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग, हवामान. दिवसातून तीन वेळा, सकाळी नऊ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता मोजणी. प्रत्येक वेळी तीन नोंदी: लॅपटॉप दुकानातील पेटीला तारेने जोडून, नंतर तार काढून त्याच जागी वायफायवर, आणि शेवटी माडीवरच्या खोलीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ हे वेग मोजण्याचे ॲप विनामूल्य आहे. पण साधन कोणतेही असो, प्रत्येक वेळी तेच वापरावे. दोन वेगवेगळ्या तराजूंच्या मापांची बेरीज होत नाही.

तारेने घेतलेली नोंद हा या वहीचा पाया होता. बाहेरून घरापर्यंत काय पोहोचते ते तार सांगते. पेटीपासून माणसापर्यंत काय पोहोचते ते वायफाय सांगते. या दोहोंतील फरक कळला की दोष कोणाच्या बाजूचा, हे अर्धे ठरते. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झाले. कोरड्या दिवशी तारेवर तिन्ही वेळा ९३ ते ९५. बाहेरची ओळ सचोटीची होती. माडीवर मात्र सकाळी १८, दुपारी १७ आणि रात्री ४. पावसाच्या दोन दिवशी तर तारेवरही आकडा कधी ६०, कधी २०, आणि मध्येच शून्य.

एकाच वहीत तीन वेगळे रोग होते. सगळ्यांना एकच समजल्यामुळे आजवर कोणताच बरा झाला नव्हता.

पहिला रोग भिंतीचा. पेटी दुकानाच्या गल्ल्यामागे होती, कारण जोडणी देणाऱ्याची तार तेथे येऊन थांबली होती. तिच्या आणि माडीच्या मध्ये दोन हात जाडीच्या दोन दगडी भिंती आणि लोखंडी कपाट. वायफायच्या दोन पट्ट्या सर्वसाधारण असतात. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरणारी, २.४ गिगाहर्ट्झची मंद, पण दूरवर रेटत जाणारी. माडीवर पहिली पोहोचतच नव्हती. दुसरी पोहोचत होती, पण थकून. सिमेंटच्या सदनिकांसाठी केलेल्या पेटीकडून वाड्यातल्या भिंती भेदण्याची अपेक्षा करणेच चूक. दगड, ओली माती, पत्रा, पाण्याची टाकी आणि आरसा हे सारे तिचे वैरी आहेत.

दुसरा रोग रात्रीचा, आणि त्याचा तर्क सर्वांना ठाऊक असल्यासारखा होता. घरात चोविहाराची शिस्त असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. सातनंतर प्रत्येकाच्या हाती फोन असतो, म्हणून वेग पडतो, असे सगळे समजून होते. मुलांना दटावले जाई. हा तर्क एका सहज घडलेल्या प्रयोगाने मोडला. चतुर्दशीच्या सायंकाळी घरातील सर्व मंडळी प्रतिक्रमणासाठी स्थानकात गेली. जी घरी राहिली ती सामायिकात बसली. अठ्ठेचाळीस मिनिटे वाड्यात एकही फोन चालू नव्हता. सुनेने उठल्यावर प्रथम माडीवर मोजणी केली, मंडळी परतण्यापूर्वी. आकडा पुन्हा ४. मुले निर्दोष होती.

मग रात्री वाड्यात जागे राहून काम करणारे कोण? गोदामातील चार कॅमेरे. धान्याच्या पोत्यांवर नजर ठेवण्यासाठी ते दोन वर्षांपूर्वी बसविले होते. दुकान बंद झाले की सुरू होत, सकाळी सातला थांबत, आणि रात्रभर आपले चित्रण वायफायवरून दूरच्या साठवणीत पाठवीत. त्यांना फार वेग लागतो असे नाही. अडचण निराळी होती. एका पट्टीवरची हवा सामाईक असते. एका वेळी एकच उपकरण बोलते, बाकीची थांबतात. चौकापलीकडे, पत्र्याच्या आत असलेल्या कॅमेऱ्याला पेटीचे बोलणे जेमतेम ऐकू येई. म्हणून तो अतिशय सावकाश बोले आणि चुकलेले पुन्हा पुन्हा सांगे. गल्ल्यापुढच्या रांगेत एक गिऱ्हाईक सुटी नाणी मोजू लागले, मोजणी चुकली आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, तर मागचे दहा जण खोळंबतात. रक्कम लहान असली तरी वेळ मोठा जातो. सुनेने एका रात्री चारही कॅमेरे दहा मिनिटांसाठी बंद केले. माडीवरचा आकडा ४ वरून १७ झाला. असा उलटा पुरावा मिळेपर्यंत निदान पक्के धरू नये; संशयावर पैसे खर्च करणे हा व्यापार नव्हे.

उपाय महाग नव्हता, कष्टाचा होता. दुकानातील पेटीपासून माडीपर्यंत तांब्याची तार ओढण्यात आली आणि वर दुसरी पेटी बसविण्यात आली. ती तारेने येणारेच इंटरनेट वायफायवर देते. बाजारात भिंतीला खोचायचे ‘रिपीटर’ स्वस्त मिळतात, पण साधा रिपीटर ज्या पट्टीवर ऐकतो त्याच पट्टीवर पुन्हा बोलतो. त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो. थकलेल्या निरोप्याकडून ऐकून निरोप पुढे देणारा तोही थकलेलाच. तार घेताना मात्र पारख हवी. शुद्ध तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास विकली जाते. ती हातात हलकी लागते आणि टोक चाकूने खरवडले की आत पांढरी दिसते. अशा तारेची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी, हा सर्वमान्य दंडक आहे. वाड्यात तीस मीटर पुरले.

कॅमेरेही तारेवर घेतले गेले आणि चित्रण दूर पाठविण्याऐवजी गोदामातल्याच साठवणपेटीत जमा होऊ लागले. चौकातून जाणारी तार जमिनीखालून जाड नळीतून नेली, नळीची दोन्ही तोंडे बंद केली. उंदरांची भीती होती. एका कारागिराने विषाची गोळी सुचविली. सासऱ्यांनी हात जोडून नकार दिला आणि नळी एक इंच अधिक जाडीची आणविली. पेटीच्या उबेला मुंग्या येतात, हाही ग्रामीण घरांतील नेहमीचा अनुभव. पेटी भिंतीवर उंच, मोकळ्या हवेत, देवघर व स्वयंपाकघरापासून दूर ठेवली आणि आसपास साखर-गुळाचा स्पर्श नसला, तर झाडण्याचा प्रसंग क्वचित येतो. आलाच तर मऊ पुंजणीने, वीज बंद करून.

वळिवाच्या दिवसांत, गडगडाट सुरू होताच विजेचा प्लग आणि उघड्यावरून येणारी तांब्याची तार दोन्ही काढून ठेवावीत. बाहेरून येणारी काचेची ओळ वीज वाहून आणत नाही, पण प्लग आणतो.

तिसरा रोग पावसाचा, आणि तो घराबाहेरचा होता. पेटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा पावसात लाल होई. त्याचा अर्थ, काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश पोहोचत नाही. हा प्रकाश उणे आकड्यांत मोजतात. उणे २० चांगला, आणि साधारणतः उणे २७ च्या पलीकडे गेला की पेटी चाचपडू लागते. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो. जोडणी देणाऱ्या कार्यालयाला पूर्वी चार वेळा फोन झाले होते, आणि दर वेळी ‘पेटी बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळाले होते. यावेळी सुनेने वहीच्या पानांची छायाचित्रे पाठविली आणि एकच विनंती केली: येणाऱ्या माणसाने प्रकाश मोजण्याचे यंत्र आणावे. तो आला. आकडा उणे २९ निघाला. खांबावरून पत्र्याच्या कोपऱ्याशी आलेली ओळ तेथे घट्ट दुमडून लोखंडी तारेने आवळली होती, आणि जवळच्या जोडपेटीत पाणी साचत होते. काचेचा तंतू दुमडला की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. ओळ सैल वळणाने पुन्हा बांधली, जोड नव्याने केला. आकडा उणे २१ झाला, म्हणजे प्रकाश सहा पटींहून अधिक. कामाला पाऊण तास लागला.

सर्वच गावांत अशी काचेची ओळ आलेली नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ती नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. पण पंचायतीपासून वाडीवस्तीवरील घरापर्यंतची शेवटची वाट अनेक ठिकाणी अजून मोबाइल मनोऱ्यावरच अवलंबून आहे. तेथे वहीचे रकाने तेच, अर्थ वेगळा. सिमकार्डाची पेटी घरात फिरवून, मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत किंवा गच्चीलगत ठेवून नोंद घ्यावी. दोन-तीन मीटरनेही आकडा दुप्पट होऊ शकतो. पहाटे चांगला आणि रात्री वाईट असेल तर मनोऱ्यावर गर्दी आहे, त्याला घरात उपाय नाही. अशा वेळी जीएसटीचे विवरणपत्र ११ तारखेच्या रात्री भरण्याऐवजी आदल्या दिवशी सकाळी भरणे हाच शहाणपणा. आणि महिन्याच्या ठरावीक दिवसानंतरच वेग पडत असेल, तर योजनेतील मर्यादा संपलेली असण्याचा संभव अधिक. तेथे दोष मनोऱ्याचाही नाही.

तक्रारीबाबत एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस मिळाले तरी ती ‘ब्रॉडबँड’ ठरते. पूर्वी हा आकडा ५१२ केबीपीएस होता. म्हणून ‘नेट चालत नाही’ असे मोघम न लिहिता, विकत घेतलेल्या योजनेचा वेग आणि तारेवर प्रत्यक्ष मिळालेला वेग शेजारी शेजारी लिहावा. तक्रारीचा नोंदक्रमांक मागून घ्यावा. त्याने निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तेथे पाठविलेल्या पत्राची वाट पाहण्यात कित्येकांचे महिने जातात.

वाड्यातील शंभरची योजना पर्युषणापूर्वीच पुन्हा पन्नासवर आणली गेली. माडीवर रात्री आठला ४६ ते ४८ येऊ लागले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कंपनीशी दीड तासाची बैठक झाली. बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता आणि वीजही गेली होती, पण दोन्ही पेट्यांना लहान बॅटऱ्या जोडलेल्या होत्या. पुण्याला जाण्याचा विषय त्या बैठकीत निघालाच नाही. सासरे खाली अंधारात गल्ल्यापाशी बसून होते. बैठक संपल्यावर सून खाली आली, तेव्हा त्यांनी कंदिलाच्या उजेडात वही पुढे केली आणि विचारले, “आजचा आकडा मांडायचा राहिला ना?”