नावाचा वाद आणि जंतूंचा प्रश्न

दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या शरीरातील जंतूंमध्ये २००८ मध्ये एक नवे विकर आढळले. कार्बापेनेमसारख्या अखेरच्या फळीतील प्रतिजैविकांनाही ते निष्प्रभ करीत होते. संशोधकांनी त्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ घातले आणि ‘एनडीएम-१’ हे नाव रूढ झाले. २०१० मध्ये भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथील त्याच्या प्रसाराची माहिती ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध होताच आपल्याकडे संतापाची लाट उसळली. भारताच्या वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव असल्याची शंका जाहीरपणे व्यक्त झाली. राजधानीचे नाव रोगजंतूंशी जोडणे अनुचितच होते. परंतु नावावरील आक्षेप न्याय्य असला म्हणून त्यामागील वस्तुस्थिती खोटी ठरत नाही.

ती वस्तुस्थिती पुढच्याच वर्षी उघड झाली. दिल्लीत रस्त्यांवर व गल्लीबोळांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंमध्ये याच विकराचे जनुक सापडले. म्हणजे हा प्रश्न रुग्णालयाच्या चार भिंतींत मावणारा राहिला नव्हता. असे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकते. त्यामुळे ज्याने आयुष्यात प्रतिजैविकाची गोळी घेतली नाही, त्याच्याही वाट्याला औषधांना दाद न देणारा जंतू येऊ शकतो.

या संकटाची सूचना जगाला उशिरा मिळाली, असे म्हणता येणार नाही. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेमुळे जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता. त्यानंतर दहा वर्षांनी आपल्या पिंपरीत पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि एके काळी दुर्मीळ असलेले हे औषध सामान्यांच्या आवाक्यात आले. ही मोठीच मिळकत होती. पण सुलभतेबरोबर जो संयम यावयास हवा होता, तो आला नाही. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकांचा काडीचा उपयोग नसतो. तरीही ती घेतली जातात, आणि त्या निमित्ताने शरीरातील इतर जंतूंना मात्र प्रतिकाराचे धडे मिळतात.

कायदे नाहीत, असे नाही. २०१४ च्या मार्चपासून ‘एच-१’ परिशिष्टातील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिन वापरण्यास बंदी झाली. परंतु नोंदवही भरली जाते की नाही हे पाहणारे निरीक्षक पुरेसे हवेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रोजंदारीवरील मजुराला दोन-तीन दिवस तपासणीच्या निकालाची वाट पाहणे परवडत नाही. डॉक्टरलाही निदानाची सोय नसेल तर ‘असू द्या, सुरक्षित’ म्हणून प्रबळ औषध लिहिणे सोपे वाटते. शिवाय, जेथे डॉक्टरच नाही तेथे केवळ विक्री रोखली, तर औषधाअभावी मरणारे वाढतील. तेव्हा दोष सर्वस्वी रुग्णाच्या अज्ञानावर ढकलणे हा अन्याय आहे.

२०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावल्याचा अंदाज आहे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी २०३० पर्यंत या प्रतिकाराशी निगडित मृत्यूंमध्ये दहा टक्के घट करण्याचे ठरविले आहे. ते साधावयाचे तर तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत स्वस्त तपासणी, शुद्ध पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, लसीकरण आणि रुग्णालयांतील स्वच्छता यांवर खर्च झाला पाहिजे. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा कृती आराखडा आखून इतर राज्यांना वाट दाखविली आहे.

प्रसूती, शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार या साऱ्यांना आज प्रतिजैविकांच्या आधाराने निर्धास्तपणा लाभला आहे. तो आधार खचला, तर किरकोळ जखमही पुन्हा जिवावर बेतू लागेल. राजधानीचे नाव एका विकराला मिळाले याचा राग आपण पुरेसा व्यक्त केला. आता तिच्या आणि आपल्या गावाच्या गटारांकडेही तितक्याच आवेशाने पाहिले पाहिजे.