रुग्णालयाचा धर्म आणि रुग्णाचा हक्क

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तरेस, समुद्रकाठी, युरेका नावाचे एक लहान शहर आहे. २०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात तेथील कॅथॉलिक रुग्णालयात एक गर्भवती स्त्री आली. तिच्या उदरात जुळे होते, पंधरावा आठवडा चालू होता आणि पाणी अवेळी गेले होते. गर्भ जगण्याची आशा उरली नव्हती आणि विलंब झाल्यास मातेच्या जिवास धोका होता. तरीही, गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात तोवर आमच्या संस्थेच्या धोरणाप्रमाणे काही करता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. बारा मैलांवरील दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता तिला दाखविला गेला, आणि वाटेत गाडीत काही झालेच तर जवळ असावे म्हणून एक बादली व काही टॉवेल तिच्या स्वाधीन करण्यात आले. हे कथन माझे नव्हे. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्या रुग्णालयाविरुद्ध लावलेल्या दाव्यातील ते आहे. पुढील महिन्यातच, तातडीच्या उपचारांविषयीचा राज्याचा कायदा आपण पाळू, असे रुग्णालयाने न्यायालयासमोर मान्य केले.

वाचक बंधुभगिनींनो, दूरदेशीच्या या प्रकरणाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. दाराशी आलेल्या माणसाला संस्थेच्या धर्माचे कारण सांगून परत फिरविता येते काय, हा यातील प्रश्न आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी हा प्रश्न आपल्या देहावर सोसला, त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही. म्हणून अमेरिकेत शासन आणि कॅथॉलिक रुग्णालये यांच्यामध्ये चाललेला हा वाद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम जे देणे आहे ते देऊन टाकू. अमेरिकेत शासन जेव्हा गरिबाच्या आजाराकडे ढुंकूनही पाहत नव्हते, तेव्हा कॅथॉलिक धर्मभगिनींनी रुग्णालये उभारली. न्यूयॉर्क शहरातील सेंट व्हिन्सेंट रुग्णालय त्यांनी १८४९ साली काढले. पटकीच्या साथीत तेथे शुश्रूषा झाली, आणि एड्सच्या रोग्याला शिवण्यास लोक कचरत होते त्या काळात, १९८४ साली, तेथेच त्या रोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला गेला. २०१० साली ते रुग्णालय बंद पडले तेव्हा ज्यांना वाईट वाटले त्यांत कॅथॉलिकेतर लोकही पुष्कळ होते. या सेवेपुढे नतमस्तक होण्यास आम्हांस कसलाही संकोच नाही.

परंतु कृतज्ञता ही एक गोष्ट आहे आणि हक्क ही दुसरी. स्वतःच्या झोळीतून दान देणारा मनुष्य दानाच्या अटी ठरवू शकतो. सार्वजनिक पैशातून सेवा देणाऱ्याला ती मुभा नसते. १९४६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हिल-बर्टन कायदा केला आणि रुग्णालये बांधण्यासाठी सरकारी तिजोरी खुली केली. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. तेव्हापासून ही रुग्णालये केवळ धर्मादायावर चालत नाहीत. ती चालतात करदात्याच्या पैशावर, आणि तो करदाता प्रॉटेस्टंट, ज्यू, मुसलमान, बौद्ध, नास्तिक असा कोणीही असू शकतो. आज त्या देशात सहाशेहून अधिक कॅथॉलिक रुग्णालये असून दर सात रुग्णांपैकी सुमारे एकाची शुश्रूषा त्यांत होते, असे त्यांचीच संघटना अभिमानाने सांगते. आणि या सर्व ठिकाणी काय करावे व काय करू नये हे बिशपांच्या परिषदेच्या निर्देशांनी ठरते. संततिनियमनाची शस्त्रक्रिया करू नये, गर्भनिरोधक साधने देऊ नयेत, गर्भपात करू नये, असे ते निर्देश आहेत. रुग्ण कोणत्या धर्माचा आहे, याची विचारपूस त्यांत नाही.

'आम्ही खाजगी संस्था आहोत, आमच्या घरात आमचा नियम चालेल,' हा युक्तिवाद मी वकील या नात्याने ऐकतो तेव्हा मला दोन खटले आठवतात. पहिला आपल्या घरचा आहे. महाडचे चवदार तळे खाजगी आहे आणि वहिवाट आमच्या बाजूची आहे, असा पवित्रा घेऊन स्पृश्यांनी बाबासाहेबांविरुद्ध दावा लावला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. दुसरा खटला अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहराचा. तेथील दोन रुग्णालये हिल-बर्टनचा पैसा घेत होती. एक निग्रो रुग्णांना दारातही उभे करीत नव्हते आणि दुसरे मोजक्याच रुग्णांना आत घेत होते. ही रुग्णालये कॅथॉलिक नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स व त्यांचे सहकारी न्यायालयात गेले, तेव्हा रुग्णालयांनी हेच उत्तर दिले की आम्ही खाजगी आहोत. १९६३ साली फेडरल अपील न्यायालयाने ते उत्तर नाकारले. सार्वजनिक निधी व सार्वजनिक योजना यांचा भाग झालेल्या संस्थेला घटनेचे बंधन टाळता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

नऊ वर्षांनी हाच मुद्दा कॅथॉलिक रुग्णालयाच्या दारी आला. मोंटाना राज्यातील बिलिंग्ज शहरात प्रसूतीची सोय असलेले एकच रुग्णालय होते आणि ते कॅथॉलिक होते. शस्त्रक्रियेने प्रसूत होणाऱ्या एका स्त्रीने त्याच वेळी आपली नसबंदीही करावी, म्हणजे पुन्हा पोट फाडावे लागणार नाही, अशी मागणी केली. रुग्णालयाने ती नाकारली. १९७२ साली न्यायालयाने रुग्णालयास मनाई हुकूम दिला. त्यावर काँग्रेसने १९७३ साली कायदा केला की, सरकारी निधी घेतला एवढ्याच कारणावरून कोणत्याही रुग्णालयास नसबंदीची वा गर्भपाताची सक्ती करता येणार नाही. या कायद्याला तो मांडणाऱ्या सिनेटर फ्रँक चर्च यांचे नाव आहे. चर्चचा कायदा चर्चच्या कामी यावा, हा योगायोग!

या कायद्याचे एक कलम मात्र बिशपांच्या भाषणांत फारसे ऐकू येत नाही. जो डॉक्टर अशी शस्त्रक्रिया करण्यास नकार देतो त्याला जसे संरक्षण आहे, तसेच जो डॉक्टर ती कायदेशीरपणे अन्यत्र करतो त्यालाही आहे. दोघांनाही त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. म्हणजे सदसद्विवेक दोन्ही बाजूंना असू शकतो, हे १९७३ सालच्या कायदेकर्त्यांनी ओळखले होते. विवेक हा माणसाला असतो. तो भिंतींना, मालमत्तेला आणि ठरावांच्या वहीला कसा असणार?

ॲरिझोना राज्यातील फिनिक्सचे उदाहरण पाहा. २००९ च्या अखेरीस तेथील सेंट जोसेफ रुग्णालयात चार मुलांची एक आई दाखल झाली. वय सत्तावीस, गर्भ अकरा आठवड्यांचा, आणि फुफ्फुसांतील रक्तदाब एवढा वाढलेला की गर्भ ठेवला तर तिचा मृत्यू अटळ, असे डॉक्टरांचे मत पडले. रुग्णालयाच्या नीतिसमितीवर सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड होत्या. त्यांनी गर्भपातास संमती दिली आणि ती माता वाचली. बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी काय केले? सिस्टर धर्मबहिष्कृत झाल्या, असे त्यांनी घोषित केले आणि डिसेंबर २०१० मध्ये त्या रुग्णालयाचे कॅथॉलिकपणच काढून घेतले. आता मला सांगा, येथे विवेक कोणाजवळ होता? आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या, मरणाऱ्या स्त्रीच्या उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरजवळ, की दूर बसून निर्देश वाचणाऱ्या सत्तेजवळ? 'कॅथॉलिक विवेकाचे रक्षण करा' अशी हाक देणाऱ्यांनी एका कॅथॉलिक धर्मभगिनीचा विवेक पायदळी तुडविला. 'बहिष्कृत' या शब्दाचे वजन आपल्या वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच २०१० साली आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. कॅथॉलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरोल कीहन यांनी बिशपांचा विरोध असताना त्याला पाठिंबा दिला, हे विसरता कामा नये. गरिबाला विमा मिळावा, ही त्यांची निष्ठा होती. पुढे त्या कायद्याखाली, कामगाराच्या विम्यात गर्भनिरोधक साधनेही मोफत असावीत, असा नियम आला. प्रत्यक्ष चर्चला त्यातून सूट होती, रुग्णालयांना नव्हती. गदारोळ झाला तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये शासनाने तोड काढली की, धार्मिक संस्थेने त्यासाठी पैसा देऊ नये, विमा कंपनीने परस्पर द्यावा. तरीही खटले चालले, आणि २०२० साली वृद्धाश्रम चालविणाऱ्या धर्मभगिनींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्यापक सूट सात विरुद्ध दोन मतांनी मान्य केली. त्या धर्मभगिनींशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न त्यांच्यासारख्या संस्थांत लादी पुसणाऱ्या बाईचा आहे. ती कॅथॉलिक असेल वा नसेल. तिच्या श्रमाचा मोबदला म्हणून मिळालेल्या विम्यावर मालकाच्या धर्माचे कुलूप का असावे?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बलवान आक्षेप विचारात घेऊ. शासनाच्या सक्तीपुढे उभे राहणारे कोणीतरी हवे, असे ते म्हणतात आणि ते खोटे नाही. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्यास आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली. ते एकटे विरोधी मत न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांचे होते, आणि ते कॅथॉलिक होते. आपल्या देशात १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली गरिबांचे जे हाल झाले ते आपण जाणतो. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यापासून तर अनेक राज्यांत शासनच स्त्रीच्या वाटेत आडवे पडले आहे. तेव्हा शासन नेहमीच रुग्णाचा कैवारी असते, असे मी म्हणत नाही. कसोटी एकच आहे. देह कोणाचा आणि इच्छा कोणाची? कॅरी बकची नसबंदी जुलूम होती, कारण ती तिच्यावर लादली गेली. बिलिंग्जच्या स्त्रीला ती नाकारणे हाही जुलूमच, कारण ती तिने मागितली होती. जो पहिल्या जुलमाविरुद्ध उभा राहतो आणि दुसऱ्याला धर्म म्हणतो, त्याची कसोटी स्त्रीची इच्छा ही नसून स्वतःची सत्ता ही आहे.

दुसरा आक्षेप असा की, सक्ती केली तर रुग्णालये बंद पडतील आणि गरीबच मरेल. १९६६ साली मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडा, अशी अट घातली गेली, तेव्हाही असेच भय दाखविले गेले होते. प्रत्यक्षात हजाराहून अधिक रुग्णालयांनी काही महिन्यांत भेदाच्या भिंती पाडल्या. म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. जिवावरच्या प्रसंगी कोणत्याही निर्देशाची सबब चालू नये; १९८६ चा अमेरिकन कायदा तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन घालतोच, त्यास धर्माची पळवाट नसावी. जे उपचार संस्था देत नाही त्यांची यादी रुग्णाला दाखल होण्यापूर्वी लेखी मिळावी. आणि खरा मार्ग सांगणाऱ्या, दुसरीकडे पाठविणाऱ्या डॉक्टर वा परिचारिकेस शिक्षा होऊ नये. ज्या व्यक्तीचा विवेक आड येतो तिने बाजूला व्हावे. रुग्णाला बाजूला सारू नये.

आपल्या घटनाकारांनी ही गोष्ट आधीच ओळखली होती. अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था व नीतिमत्ता यांच्याबरोबर आरोग्याच्याही अधीन ठेवले. १९८९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमी माणसाचा जीव वाचविणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. आणि १९३८ सालीच बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आणला होता. त्या सभागृहाने तो फेटाळला, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा रुग्णालय कोणाचेही असो, मिशनचे, मठाचे, ट्रस्टचे वा उद्या आपल्या स्वतःच्या विहाराचे, त्याच्या पायरीवर आलेल्या माणसाला आधी त्याचे दुखणे विचारले जावे. ज्या दिवशी आपण रुग्णालय काढू, त्या दिवशी आपल्या दारातूनही कोणी बादली आणि टॉवेल घेऊन परत जाणार नाही, एवढी प्रतिज्ञा आपण आजच केली पाहिजे.