सिकलसेलचे औषध : कोणाचे ऐकायचे?

आठवडी बाजारात, एसटी स्टँडबाहेर आणि आता मोबाईलच्या व्हिडिओतही सिकलसेल ‘मुळासकट’ बरा करणारे चूर्ण विकले जाते. विकणारा कागद दाखवत नाही, माणसे दाखवतो. अमक्या गावची मुलगी बरी झाली, तमक्याच्या भाच्याचे दुखणे थांबले. ज्या घरात रात्री-बेरात्री पोराची हाडे ठणकतात, त्या घराला ही साक्ष लगेच पटते. पैसे उसने काढून पुडी आणली जाते. अशा घराला आम्ही दोष देत नाही. पण माणसांची साक्ष मोजण्याची एक रीत आहे आणि त्या रीतीने सिकलसेलच्या औषधांची तपासणीही होऊन गेली आहे. तिचा निकाल मात्र वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोऱ्याच्या वस्त्यांपर्यंत नीट पोहोचलेला नाही.

हा आजार आपल्या घरातला आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल लिहिले. तेव्हापासून विदर्भातल्या एकामागून एक तपासण्यांत आदिवासींबरोबर आपल्या समाजाचे नाव येत आले आहे. कागदावर ते आजही बहुधा जुन्या जातीच्या नावाने येते, तो विषय निराळा. रक्तातला हा बदल मलेरियापासून थोडे संरक्षण देतो म्हणून मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान् पिढ्या टिकला. त्यात कुणाचे पाप नाही की कुणाचा शाप नाही.

आता त्या साक्षींकडे वळू. सिकलसेलची कळ येते तशी काही दिवसांनी ओसरतेही. चौथ्या दिवशी दिलेल्या पुडीला पाचव्या-सहाव्या दिवशी श्रेय मिळते. पुडी दिली नसती तरी कळ ओसरलीच असती, हे कोणी सांगायचे? दुसरी गोम याहून मोठी आहे. सिकलसेलमध्ये वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) असे दोन प्रकार. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला औषध लागतच नाही. सोल्युबिलिटीची साधी तपासणी फक्त ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीवरूनच कळते. निम्मी तपासणी झालेल्या वाहकाला चूर्ण द्यायचे आणि वर्षभराने ‘बघा, काही त्रास नाही’ म्हणायचे, हा धंदा त्यावर चालतो.

मग खरी परीक्षा कशी करायची? त्याचे एक चांगले उदाहरण नागपूरचे आहे. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वारंवार कळा येणारी ६० मुले घेतली. कोणाला औषध आणि कोणाला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी द्यायची, हे डॉक्टरांच्या मर्जीने नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. कोणाला काय मिळते ते मुलांना माहीत नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. १८ महिने पाहिले. औषध मिळालेल्या मुलांच्या कळा वर्षाला सरासरी १२ होत्या, त्या एकाच्याही खाली आल्या. दुसऱ्या गटाच्या ११च्या वर होत्या, त्या १०च्या आसपासच राहिल्या. हा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो दुसरा गट महत्त्वाचा. चूर्णवाल्याकडे दुसरा गट कधीच नसतो.

तरी एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही. सोयाबीनचे पोते घेताना व्यापारी वरवरचे दाणे पाहून भाव लावत नाही, खोल हात घालून मूठ काढतो, ओलावा पाहतो. संशोधनात तसे करण्याच्या रीतीला पद्धतशीर आढावा म्हणतात. ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७२ साली पुस्तक लिहून, उपचार उपयोगी पडतो की नाही हे अशा चाचण्यांवरूनच ठरवा, असा आग्रह धरला होता. त्यांच्या नावाची कॉक्रन ही संस्था १९९३ पासून असे आढावे करते. आढावा घेणारे प्रश्न आणि नियम आधीच लिहून जाहीर करतात, म्हणजे निकाल पाहून नियम फिरवता येत नाहीत. मग जगभरच्या चाचण्या शोधतात. छापून न आलेल्याही शोधायच्या, कारण औषध फसले की तो कागद कपाटात राहतो आणि यशाचा तेवढा छापला जातो. दोन माणसे एकमेकांना न विचारता प्रत्येक चाचणी तपासतात : चिठ्ठ्या खरेच टाकल्या का, मध्येच सोडून गेलेल्यांचा हिशेब दिला का, पैसा कोणाचा होता. त्यानंतरच आकडे एकत्र करतात आणि या निकालावर किती भरवसा ठेवावा, तेही लिहितात.

हायड्रॉक्सीयुरियाबद्दलचा कॉक्रनचा आढावा २०२२ साली नव्याने आला. त्यात ९ चाचण्या आणि ११०४ रुग्ण आहेत. औषध विरुद्ध पोकळ गोळी अशी थेट तुलना ५ चाचण्यांत झाली, रुग्ण ७८४. निकाल असा : एसएस प्रकारच्या रुग्णांत कळा कमी होतात, दवाखान्यात भरती व्हावे लागणे कमी होते, आणि ज्यांना झटक्याचा (मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचा) धोका आहे त्यांना तो टाळायला मदत होते. पुढचे वाक्यही त्याच आढाव्यात आहे आणि आम्हाला ते तितकेच मोलाचे वाटते. बरीच वर्षे घेतल्यावर इंद्रिये खराब होणे थांबते का, मूल होण्यावर काय परिणाम होतो, नेमका डोस किती असावा, हे सांगण्याइतका पुरावा अजून नाही. जो आपले अज्ञान लिहून ठेवतो त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नसते. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

म्हणून आमचे मत सरळ आहे. घरात एसएस रुग्ण असेल आणि कळा वारंवार येत असतील, तर सरकारी दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरियाबद्दल विचारा, लाजू नका. गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. ती घेताना ठरावीक काळाने रक्ताच्या पेशी मोजाव्या लागतात. गरोदर बाईने ती घ्यायची नसते. मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. वाहकाला ही गोळी नको.

झाडपाल्याबद्दल काय? तोही प्रश्न कॉक्रनने टाळलेला नाही. वनस्पतींच्या औषधांवर त्यांचा वेगळा आढावा आहे. त्यात घेण्याजोग्या चाचण्या मिळाल्या अवघ्या ३, रुग्ण २१२. नायजेरियातल्या निप्रिसान या औषधाने सहा महिन्यांत तीव्र कळा कमी झालेल्या दिसल्या, पण आणखी चाचण्या हव्यात असे म्हटले आहे. दुसरे सिक्लाविट. त्यातला मुख्य घटक ऐकून आपल्याकडचा माणूस चमकेल : तूर! होय, आपल्या शेतातली तूर. एकाच चाचणीत कळांना थोडा फायदा झालासा दिसला, रक्त मात्र कमी होत असल्याची शंकाही आली. तेव्हा वरण जास्त खाल्ल्याने सिकलसेल जातो, असा अर्थ कोणी काढू नये आणि तुरीच्या नावाने उद्या कोणी पुडी काढली तर तीही घेऊ नये. तिसरी वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. आपल्या बाजारातली पुडी या तिन्हींत कुठेच नाही. तिची परीक्षाच झालेली नाही. कदाचित एखाद्या पाल्यात गुण असेलही, पण परीक्षा होण्याआधी पैसे आपण का भरायचे?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, आढावा म्हणजे शेवटचा शब्द. तसे आम्ही मानत नाही. बुद्धाने कालामांना सांगितले ते पोथीला आणि गुरूला जसे लागू आहे तसे शास्त्रज्ञांच्या कागदालाही लागू आहे. आढावा हाती आला की पहिला प्रश्न विचारायचा : यात मोजली कोणती माणसे? त्या ७८४ मध्ये २९९ अमेरिका-कॅनडातले प्रौढ होते, १९३ अमेरिकेतली तान्ही मुले, २५ बेल्जियमचे, आणि आपल्या नागपूरची मुले फक्त ६०. भारताचा वाटा इतकाच. आपल्याकडच्या सिकलसेलचा वंशप्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा आहे, त्याला अरब-भारतीय म्हणतात. या प्रकारात आजार सौम्य असतो असे अनेक वर्षे पुस्तकांत लिहिले गेले. नागपूरच्या वॉर्डात त्रास काही सौम्य नव्हता.

डोसचेच पाहा. अमेरिकेतल्या प्रौढांच्या चाचणीत सोसेल तितका वाढवत नेला. नागपूरला किलोमागे १० मिलिग्रॅम एवढा कमी आणि ठरलेला डोस दिला. कमी डोसला खर्च कमी, धोकाही कमी. तो आपल्या मोठ्या माणसांनाही पुरतो का, दहा वर्षे पुरतो का? ६० मुलांवरून आणि १८ महिन्यांवरून याचे उत्तर निघत नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या तिशीतल्या बाईची गिनती या पाच चाचण्यांपैकी भारतातल्या एकमेव चाचणीत नाही, कारण ती मुलांची होती. आढावा घेणारे जगात नसलेली चाचणी कोठून आणणार? ती कोणीतरी करावी लागते आणि तिच्यात आपली माणसे असावी लागतात.

आमची तक्रार इथे आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. आदिवासी भागाला अग्रक्रम दिला, तो योग्यच आहे. त्यांच्या वाट्याचे काढून आम्हाला द्या, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण सिकलसेल म्हणजे आदिवासींचाच आजार असे एकदा ठरले की विदर्भातली बौद्ध वस्ती तपासणीतून सुटते. तपासणीतून सुटलेली वस्ती चाचणीतूनही सुटते आणि चाचणीतून सुटलेली माणसे आढाव्यात येतच नाहीत. मग दहा वर्षांनी पुन्हा कोणी लिहील की यांच्याबद्दल पुरेसा पुरावा नाही. जातीच्या नावाने आपल्याला मोजून घेणारे पुष्कळ झाले. आता औषधाच्या हिशेबात मोजून घ्यायचे आहे. संशोधन करायला येणाऱ्यांना आपण दोन अटी घालाव्यात : काय करणार ते मराठीत समजावून सांगून संमती घ्या, आणि निकाल लागला की तो विहारात येऊन वाचून दाखवा.

१४ एप्रिलला गावोगावी रक्ततपासणीची शिबिरे होतील. शिबिर ठरवताना आयोजकांनी तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात : सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढची तपासणी कुठे आणि कधी होणार, एएस की एसएस हे लेखी मिळणार का, आणि एसएस निघालेल्याला पुढे कोणत्या दवाखान्यात कोण घेऊन जाणार. शेवटच्या प्रश्नासाठी वस्तीतल्या आशाताईंना शिबिराच्या आधीच बोलावून ठेवावे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, हेही त्याच दिवशी समजावून द्यावे. नंतर ते सांगायला कोणी घरी येत नाही.