किल्ली कोणाच्या कनवटीला?

२०२० च्या टाळेबंदीत आम्हां मराठीच्या मास्तरांचे वर्ग एका रात्रीत पडद्यावर गेले. विद्यार्थ्यांचे निबंध, गुण, हजेरी, ओळखपत्रांच्या प्रती, सारे परक्या कोठारात जमा झाले. आणि जागा फुकट मिळाली म्हणून आपण वर आभारही मानले. अटी कोणी वाचल्या? नाशिकच्या एखाद्या स्टाफरूममध्ये त्यावर पाच मिनिटे चर्चा झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पुढे व्हायचे ते झालेच. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण जुलै २०२२ पासून बंद केली आणि संस्थेमागे शंभर टेराबाइटची मर्यादा घातली. त्यात बेकायदा काहीच नव्हते. घरमालकाने अटी बदलल्या, इतकेच. फुकट राहणाऱ्या बिऱ्हाडकरूने तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘मग स्वदेशी कंपनी निवडा’. हा निव्वळ भाबडेपणा आहे. मालक कॅलिफोर्नियातला असो की चेन्नईतला, किल्ली त्याच्याच कनवटीला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच मानतो. म्हणजे माल त्यांच्या फडताळात आणि जाब आपल्याला!

पर्याय नवा नाही. मूडल ही अध्यापनाची मुक्त प्रणाली २००२ पासून विनापरवानाशुल्क मिळते. मुंबईची आयआयटी ती स्वतः चालवते. ‘मायबोली’, ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे मराठी माणसांनी द्रुपल या मुक्त प्रणालीवर चालवून दाखवली. आपल्याला मात्र हे झेपत नाही!

स्वतःचा सर्व्हर म्हणजे आपोआप सुरक्षा, असेही नव्हे. वेळच्या वेळी अद्ययावत न केलेली प्रणाली म्हणजे सताड उघडे दार. आणि बॅकअप त्याच खोलीत ठेवला तर आगीत दोन्ही जाणार. त्यासाठी जाणता, पगारी माणूस हवा. स्वागतकमानी आणि शालश्रीफळांना पैसे निघतात, या माणसाला निघत नाहीत, हे खरे दुखणे आहे. एका महाविद्यालयाला परवडत नसेल तर चौघांनी मिळून नेमावा. १८४० साली सार्वजनिक वाचनालय उभारणाऱ्या गावाला सामायिक कपाटाची कल्पना अपरिचित नसावी.

असो. महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या सभेत एवढेच विचारावे : आमच्या विद्यार्थ्यांच्या नोंदींची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर मिळाले नाही, तर तसे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.